पेटी वहिनीची, नाव माझं

हे मी आजपर्यंत कोणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, देवापाशीही नाही — देवळात गेलो की दुसरंच काहीबाही मागून येतो. तुम्हाले सांगून राहिलो, कारण तुम्ही मले ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर जीभच उचलत नाही, काय करता?

सौसरले आमचं संत्र्याचं पॅकिंग शेड आहे. मी आन् माही वहिनी मिळून चालवतो. दादा वारले, तेव्हापासून सकाळी कुलूप वहिनीच उघडते. आता आमच्याकडची पेटी भरायची रीत ऐका — बारकं फळ तळाशी, मोठं चमकदार वरच्या थराले. सारेच करतात. यात कोणाले लबाडीही वाटत नाही, घेणाऱ्यालेही ठाऊक असते. वहिनीनं एका हंगामात उलटं भरायले लावलं. बारकं वर, मोठं खाली. मी शेडातल्या बायांसमोर तिच्यावर ओरडलो — डोकं फिरलं काय तुमचं, म्हणलो. तिनं ऐकून घेतलं आन् पेट्या तशाच भरल्या. खाली फळ वरच्यापेक्षा चांगलंच निघते हे कळलं, आन् पुढच्या दोन हंगामांत दिल्लीचे व्यापारी आमची पेटी न उघडता उचलू लागले.

तर ते सर. नाव नाही सांगत. धंद्यावर बोलणारे मोठे वक्ते, त्यांचा व्हिडिओ लावल्याबिगर मी दाढीसुद्धा करत नव्हतो. पांढुर्ण्यात एका लॉनवर व्यापाऱ्यांचं संमेलन होतं, तिथं ते येणार म्हणून मी वहिनीलेही घेऊन गेलो. जेवण झाल्यावर ती मंडपात जागा धरायले गेली. मी हात धुवायले नळावर गेलो — तर बाजूच्या नळावर सर! शर्टावर वरण सांडलं होतं, तो डाग चोळून राहिले होते. कसाबसा रुमाल काढून दिला. त्यांनी हसून विचारलं, काय करता तुम्ही?

मी पेटीचं सांगितलं. मी ठरवलं, मी उलटी भरली — मी, मी, मी. घरून ठरवून गेलो होतो काय? नाही. तोंड उघडलं तर हेच निघालं, आन् एवढा मोठा माणूस ओले हात तसेच ठेवून माझं ऐकून राहिला होता. मग त्यांनी विचारलं, घरच्यांनी अडवलं नाही? तिथं तरी थांबायचं ना? नाही थांबलो. वहिनी लय भांडली, म्हणलो. सगळ्यांसमोर मले वेड्यात काढलं, म्हणलो.

माझंच वागणं उचलून तिच्या अंगावर टाकलं. कळते ना तुम्हाले?

अर्ध्या तासानं सर स्टेजवर आले आन् पहिलंच वाक्य — आत्ता हात धुताना सौसरचा एक माणूस भेटला. वाटलं, एवढ्यावरच थांबतील. ते कशाचे थांबतात? सगळं सांगितलं, वहिनीचा आवाज काढून सांगितलं. मंडप हसला. आमचे ओळखीचे, रामाकोन्याचे, लोधीखेड्याचे, सारे हसले. मले उभं केलं. वहिनी माझ्या बाजूच्याच खुर्चीवर होती. तिच्याकडं पाहायची हिंमत झाली नाही. टाळ्या सुरू झाल्या आन् एक टाळी अगदी जवळून येऊन राहिली होती. ती वहिनीची होती. त्या टाळीचा धक्का अजून माझ्या अंगातून गेला नाही. शिव्या दिल्या असत्या तर समजलो असतो.

परतताना गाडीत तिनं एवढंच विचारलं, उद्या बाया किती येऊन राहिल्या?

त्या भाषणाचा व्हिडिओ कोणीतरी काढला होता. फिरत फिरत घरी आला. वहिनीची पोरगी समीक्षा तेव्हा आठवीत होती. सकाळी जेवताना तिनं मोबाईलवर तो पाहिला आन् विचारलं, "आई, तू काकाले काऊन अडवून राहिली होती?"

घास माझ्या तोंडात होता. बोलायले वेळ होता — खूप वेळ होता. वहिनी पोळी शेकत होती. मागं वळली नाही. म्हणे, "मले काय समजे तेव्हा, पोरी. तुह्या काकाचंच डोकं ते."

पोरीनं आईकडं पाहिलं, जरा कमी लेखूनच पाहिलं. मग माह्याकडं कौतुकानं. मी दुसरी पोळी मागितली. वहिनीनं तूप लावून वाढली.

याले चार वर्षं झाली. समीक्षा कोणी पाहुणा आला की ती गोष्ट तशीच सांगते, आईसमोर. मी एकदाही दुरुस्त केली नाही.