जुन्या गुडघ्यांचं लिस्बन

अमेरिकेत इतकी वर्षं काढूनही पाय हे चालण्यासाठी असतात असं मानणारा माझ्या ओळखीत एकच माणूस आहे, आणि गुडघे गेले ते नेमके त्याचेच. आम्ही बाकीचे सगळे दुकानाच्या दाराशी जागा मिळावी म्हणून गाडी गोल गोल फिरवत बसणारे लोक. आमचे गुडघे ठणठणीत. देवाच्या दरबारात अशा गोष्टींचा जाब कुणाला विचारायचा असतो हे मला कुणी सांगेल तर बरं होईल.

हा माझा मित्र नागपूरचा, मी पुण्याचा. दोघंही नवे असताना रेडमंडला एकाच अपार्टमेंटमध्ये राहायचो. घरात कुकर एक आणि मतं दोन. तेव्हापासून त्याचं चालणं मी पाहतोय. तिथल्या हिवाळ्यात पाऊस थांबतच नाही, तरी हा डोक्यावर टोपी ओढून ऑफिसला पायी निघायचा. रस्त्यावर माणूस चालताना दिसला की तिकडे लोकांना काळजी वाटते. एकदा एका बाईंनी गाडी थांबवून विचारलं, "गाडी बंद पडली का?" हा म्हणाला, "नाही, चालतोय." "कुठे?" "ऑफिसला." "का?" या 'का'चं उत्तर त्याला आजवर देता आलेलं नाही. पुढे नोकरीसाठी तो ओहायोतल्या डब्लिनला गेला आणि मी रेडमंडजवळच बॉथेलला सरकलो. डब्लिनच्या त्याच्या भागात फुटपाथ मध्येच संपतो. हा संपत नाही. गवतातून, कुणाच्या तरी टपालपेटीला वळसा घालून, पुढे जातो. गाडी नेली तरी पार्किंगच्या पार शेवटच्या टोकाला लावतो. वहिनी म्हणतात, "ह्यांच्याबरोबर किराणा आणायला गेलं की वाटतं, गाडी घरीच ठेवून आलोय."

त्याच्या गुडघ्यांना नावं आहेत. डावा थोरला, कारण तो कॉलेजात कबड्डी खेळताना आधी दुखावला. उजवा धाकटा. जिना चढताना दोघं कटकट वाजायचे, आणि हा त्यांच्याशी बोलायचा. "चाल बे थोरल्या, धाकटा पाहून राहिला तुझ्याकडे." डॉक्टरांनी अपंगांच्या जागेत गाडी लावायचा निळा परवाना दिला, तो त्यानं डिकीतल्या चटईखाली घालून ठेवला. शेवटी दोन्ही गुडघे एकदमच बदलायचं ठरलं, आणि त्याच संध्याकाळी मला फोन आला.

"का बे, लिस्बनला येतो का?"

"आता? ऑपरेशन आहे ना तुझं?"

"म्हणूनच तर. हे दोघं चालले आता. जन्मभर त्यांनी मला उचललं यार, अन् मी त्यांना काय दाखवलं? नागपूर अन् ओहायो. जायच्या आधी एकदा युरोप दाखवून देतो त्यांना."

"मग एखादं सपाट गाव बघ ना. लिस्बन म्हणजे नुसत्या टेकड्या."

"सपाट गावात गुडघ्यांनी पाहायचं काय?"

मी तिकीट काढलं. पाठोपाठ वहिनींचा फोन. "भाऊजी, तारीख मोठ्या मुश्किलीनं मिळालीय. गुडघा सुजला तर डॉक्टर पुढे ढकलणार, मग पुन्हा कधी कोण जाणे. त्यांना फिरू द्या, पण चढू देऊ नका." म्हणजे लिस्बनच्या एका उंच टेकडीवरच्या जुन्या किल्ल्यात आपल्या पायांनी पोचायचं हा त्याचा एकच हट्ट, आणि तो पुरा होऊ नये यासाठी माझी नेमणूक.

लिस्बनच्या विमानतळावर वहिनींनी त्याच्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवली होती. मी बाहेर वाट पाहत उभा. व्हीलचेअर आली. तिच्यात त्याची बॅग बसलेली, बॅगेच्या मांडीवर चिवड्याचा डबा, ढकलणारा माणूस हसतोय आणि शेजारून हा चालत येतोय, नवरदेवाच्या घोड्याबरोबर चालणाऱ्या मामासारखा.

त्याच्याबरोबर शहर पाहणं म्हणजे शहर सोडून सगळं पाहणं. चर्चच्या दारापर्यंत जायचा, भिंतीवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "आतमध्ये बसायलाच लावतात. पुढे चल." फोनमधला नकाशा त्याला अपमान वाटतो. रस्ता माणसांना विचारायचा, तोही प्रत्येक कोपऱ्यावर नव्या माणसाला, आणि मग बहुमतानं जायचं. विचारायचा मराठीत, हात मात्र पोर्तुगीज. लोक उत्तर द्यायचे पोर्तुगीजमध्ये, आणि तरी आम्ही कसे पोचायचो, हे मला अजून कळलेलं नाही. प्रत्येक चढाचं माप नागपुरातल्या सीताबर्डीच्या टेकडीवर. "हा सीताबर्डी सव्वा." "हा दीड." तिथला प्रसिद्ध कस्टर्डचा गोड पदार्थ त्यानं डोळे मिटून खाल्ला आणि निकाल दिला, "नानकटाईला पाझर फुटला यार." दुकानातल्या बाईंना मूठभर चिवडा देऊन फिट्टंफाट केली. ट्राम शेजारून घंटा वाजवत जायची, मी आशेनं पाहायचो, आणि हा तिला हात करायचा, ओळखीच्या माणसाला करावा तसा.

शेवटच्या दिवशी मी नेमणूक विसरलो. खरं म्हणजे विसरलो नाही, त्याच्याकडे पाहून वहिनींचं ऐकणं मला जमलं नाही. अल्फामा नावाच्या जुन्या वस्तीतून किल्ल्याकडे पायऱ्या जातात. दोन्ही बाजूंना घरं, वर दोरीवर वाळत घातलेल्या चादरी. अर्ध्यापर्यंत थोरला-धाकटा वाजत होते, हा त्यांना एकेक चादर दाखवत होता. मग वाजणं तसंच राहिलं, बोलणं थांबलं. मग तो एका पायरीवर बसला. घाम पुसला. वर पाहिलं. किल्ल्याची भिंत दिसत होती, तीच तर पंचाईत होती.

"दम खातो जरा," तो म्हणाला.

बराच वेळ गेला. शेवटी तो शांतपणे म्हणाला, "नाही होत बे. तू जा वर. काय दिसतं ते पाहून ये."

मी गेलो. वरून काय दिसतं ते काय सांगू? खाली लाल कौलांचा उतार, समुद्राएवढी रुंद नदी, तिच्यावर लांबलचक पूल, आणि हे सगळं उन्हात लखलखत असलेलं. मी खाली आलो.

"काय आहे?"

"काही नाही. सगळं धुकं. आणि पार्किंग फुल."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. वर निळंभोर आकाश होतं. "असं होय," तो म्हणाला. "मग बरं झालं नाही आलो. थांब, गाडी काढतो." असं म्हणून त्यानं खिशातून किल्ली काढली आणि बटण दाबलं.

गाडी तिकडे ओहायोत, कोलंबसच्या विमानतळावर, पार शेवटच्या टोकाला उभी होती. मध्ये अख्खा अटलांटिक. त्यानं अंगठ्यानं आणखी एकदा बटण दाबलं, कान टवकारले, आणि मग आम्ही दोघंही असे हसलो की वरची एक खिडकी उघडून एका आजींनी आम्हाला पोर्तुगीजमध्ये झापलं. तो माझ्या खांद्यावर हात टाकून उठला. त्या उतारावर तो हात केवढा जड होता, हे मी वहिनींना सांगितलेलं नाही.

गुडघा सुजला नाही. ऑपरेशन ठरल्या तारखेला झालं. पानगळीत मी डब्लिनला गेलो तेव्हा तो सैनिकासारखा ताठ चालत होता. किराणा आणायला गेलो, गाडी अर्थातच शेवटच्या टोकाला.

"भारी आहेत रे नवे," मी म्हणालो.

"कामाचे आहेत. पण आवाजच नाही यार. सोबत कोणी आहे असं वाटत नाही." थोडं चालून म्हणाला, "अन् यांच्याशी बोलायचं काय? यांनी काही पाहिलंच नाही."

तेवढ्यात माझा उजवा गुडघा कट्ट वाजला. तो जागच्या जागी थांबला.

"तुझा वाजला."

"वाजला असेल."

"हा वर गेला होता ना? किल्ल्यात?"

"गेला होता."

"धुकं होतं म्हणाला होता तू."

"होतं की."

तो माझ्या गुडघ्याकडे पाहत राहिला, मग पुन्हा चालू लागला. पण सावकाश, दुकान काही पळून जात नाही अशा बेतानं. इतक्या वर्षांत माझ्यासाठी त्यानं चाल कमी केली ती तेव्हाच.

"घाई नको करू," तो म्हणाला. "त्याला आठवून राहिलं असेल."