बटाट्याच्या शेतातली नदी

मामाचं नाव मी इथं लिहिणार नाही. फेब्रुवारीत गेला तो, अजून वर्ष भरलं नाही. आमच्या जमातीत वर्ष भरलं की माणसं जेवू घालायची, घोंगड्या वाटायच्या, मग चारचौघांत गेलेल्याचं नाव परत काढायचं. तोवर नाही. म्हणून नुसतं मामा.

मामानं जन्मभर नदीवर जाळं टाकलं. शाळा त्याचीही माझ्याएवढीच, नसल्यात जमा. पण नदी पूर्वी कुठून कुठून जायची ते त्याला पाठ. एक फाटा होता, संथ पाण्याचा. सॅमन माशांची पिल्लं समुद्रात जायच्या आधी तिथं थांबायची, जरा मोठी व्हायची. थोरला मामा वेंडेल तरणा असताना तिथंच जाळं लावायचा, म्हणून सगळे वेंडेलचा फाटा म्हणायचे. मग नदीला मातीचा बांध घातला, फाटा बुजला. आता तिथं हेंडरिक शेतकऱ्याचे बटाटे आहेत. आणि पिल्लं सरळ लोंढ्यात वाहून जातात.

आमच्या मासेखात्यातली ब्रिन जुन्या नदीचा नकाशा करत होती. नकाशात जे फाटे येतील त्यातलेच परत उघडणार, असं ठरलेलं. तिच्याकडं दीडशे वर्षांपूर्वीच्या मोजणीदाराची वही होती. पण तो बाबा सरळ रेषेत चालायचा, वाटेत जे पाणी आडवं आलं तेवढंच लिहायचा. आमचा फाटा त्याच्या दोन रेषांच्या मधे राहिला.

मागच्या वर्षी वसंतात सभा झाली. ब्रिननं विचारलं, "काका, या दोन रेषांमधे काही होतं का? काय म्हणायचे त्याला?"

मामा खाली बघत बसला. वेंडेलमामाला जाऊन सहाच महिने झाले होते. फाट्याचं नाव घ्यायचं म्हणजे भावाचं नाव घ्यायचं. मी शेजारीच होते, मीही गप्प. ब्रिनला वाटलं, म्हाताऱ्याला आठवत नाही. ती पुढच्या पानावर गेली.

शरदात आम्ही घोंगड्या वाटल्या, वेंडेलमामाचं नाव मोकळं केलं. दुसऱ्या दिवशी मामा स्वच्छ शर्ट घालून कचेरीत.

"वेंडेलचा फाटा," म्हणाला. "लिही."

ब्रिनचा चेहराच उतरला. "काका, नकाशा उन्हाळ्यातच मंजुरीला पुढं गेला हो. आता पुढच्या खेपेला. आणि पुरावा लागेल. विमानातून बघितलं तर नुसतं शेत दिसतं."

घरी येताना गाडीत मामा खिडकीबाहेरचं रान बघत होता. मग म्हणाला, "भावाचा मान ठेवला पोरी, आणि त्याचंच पाणी घालवलं."

त्या हिवाळ्यात तो रोज वाळुंजाच्या ओल्या काठ्या तोडायचा. हेंडरिकच्या शेताला एक लांबट पट्टा आहे, ट्रॅक्टर रुततो म्हणून पडीकच. तिथं आठवेल तशी एकेक काठी खोचत जायचा, धाप लागली की बादली उलटी करून तिच्यावर बसायचा.

हेंडरिक बांधावरून ओरडायचा, "काय रे, माझ्या बटाट्यात नदी शोधतोस?"

"बटाटे तुझे. खालचा चिखल आमचा."

"मग तुझा चिखल घेऊन जा की! माझा ट्रॅक्टर तरी सुटेल!"

दोघं हसायचे. पण काठ्या त्यानं उपटल्या नाहीत.

शेवटच्या आठवड्यात मी मामाला म्हटलं, "राहू दे आता, थंडी आहे."

म्हणाला, "अकराच राहिल्यात."

त्या अकरा मी खोचल्या. मामाला माती देऊन आल्यावर, त्याच बादलीवर बसत बसत.

एप्रिलमधे कोरड्यातल्या काठ्या वाळल्या. जिथं खाली ओल होती, तिथल्याच फुटल्या. बांधावर उभं राहिलं की हिरवी ओळ दिसते, दोनदा वळते आणि नदीकडं जाते. ब्रिननं फोटो काढले, फुटलेल्या काठ्यांशी खड्डे घेतले. खाली निळा गाळ निघाला, जुन्या पाण्याचा.

परवा ती नवा नकाशा घेऊन घरी आली. निळी रेघ होती. मी मोठ्यांदा सांगितलं, "वेंडेलचा फाटा." तिनं लिहिलं.

खाली एक चौकट होती. माहिती कोणी दिली, त्याचं नाव.

मी खाली बघितलं. हातातला कप उगाच पुसत बसले.

ब्रिननं पेन चौकटीवर टेकवलं, माझ्याकडं बघितलं. मग पेनाला टोपण लावलं. "ताई, मी फेब्रुवारीत येऊ?"

मी मान हलवली.

चौकट कोरी आहे. घोंगड्या मी जमवायला लागलेय.