मेईच्या बरणीतलं आलं

ऑफिसातले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ते फ्रीजवरच्या मॅग्नेटसारखे असतात. पहिला आपण लावतो, बाकीचे कधी आले कळत नाही, आणि एक दिवस दारच दिसेनासं होतं!

आमच्या आइंडहोवनच्या ऑफिसातले माझे निम्मे किस्से एका बरणीतून निघालेत. बरणी मेईची. मेई आमची टेस्ट इंजिनिअर, मूळची ग्वांगझूची. बरणीत व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या आल्याच्या चकत्या. रोज दोन खाल्ल्या की सर्दी, अपचन, सांधेदुखी, सगळं पळतं म्हणे.

पहिला बळी आमचा सांगलीचा मकरंद. तीन आठवडे खोकत होता. इथल्या हाउसआर्ट्सने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, नेहमीप्रमाणे पॅरासिटामॉल आणि धीर दिला होता. शेवटी त्याने मेईच्या बरणीतल्या चार चकत्या एकदम तोंडात टाकल्या.

मेई किंचाळली, "आत्ता? चार वाजलेत! सकाळचं आलं औषध, संध्याकाळचं आलं विष!"

मकरंद पांढराफटक. मेईने खिडकीबाहेर पाहिलं, थोडा विचार केला आणि म्हणाली, "काळजी करू नकोस. जून आहे. सूर्य दहाला मावळतो. इथे चार म्हणजे सकाळच!"

दुसऱ्या दिवशी खोकला गायब. "आल्याने गेला?" मी मकरंदला विचारलं.

"भीतीने!"

* * *

आमचा टीम लीड योस्ट पक्का डच. त्याला चव बघायची होती, पण उठून बरणी उघडेल तर शपथ! त्याने मेईला कॅलेंडर इन्व्हाइट पाठवलं: "आलं, दहा मिनिटं." 

मीटिंग वेळेवर सुरू झाली. योस्टने चकती खाल्ली. डोळ्यांतून पाणी. पाणी प्यायला, नाक पुसलं आणि म्हणाला, "भयंकर आहे. थँक यू. पुढच्या मंगळवारी हीच वेळ ठेवूया?"

* * *

मग माझी आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आली. तेव्हा मेईला आठवा महिना लागला होता. तिच्याकडे बाळंतिणीला आलं, गोड काळं व्हिनेगर, अंडी आणि डुकराचे पाय असं शिजवून महिनाभर खाऊ घालतात. ते करायचं आईने. पण मेईचे वडील पडले होते, त्यांना सोडून तिची आई येऊ शकत नव्हती.

"दुकानातलं विकत आणीन," मेई जेवताना हसत म्हणाली, आणि रडायलाच लागली.

मी घरी येऊन हे सांगितलं. आई म्हणाली, "मी करते. फोन लाव तिच्या आईला."

व्हिडिओ कॉलवर एक कँटनीज बोलत होती, एक मराठी. दोघी एकमेकींना आलं दाखवत होत्या. अर्ध्या तासाने आई फोन ठेवून म्हणाली, "बाई हुशार आहे. मी म्हणते तेच म्हणाली!"

तरी मेईने मध्ये पडून तह केला. पाय वगळायला तिची आई तयार झाली, पण अंड्यांशिवाय ते आलं-व्हिनेगरच नव्हे म्हणाली. आमच्या आईने जन्मात अंड्याला हात लावलेला नाही. तिने निक्षून सांगितलं, "रस्सा माझा. अंडी ज्याची त्याने बघावीत!"

* * *

आईने मातीच्या भांड्यात व्हिनेगर उकळलं. जिन्यापर्यंत असा वास, की शेजारीण विचारायला आली, व्हिनेगरने खिडक्या धुताय का!

जमलंय की नाही हे कोण सांगणार? म्हणून आईने माझ्या हाती तीन छोट्या बरण्या देऊन ऑफिसातल्या दुसऱ्या चिनी मंडळींकडे पाठवलं. "चव बघून सांगा म्हणावं."

दुपारपर्यंत माझ्या डेस्कवर चिमुकले मोजे आले. एक टोपी आली. तिकडे बाळ झालं की हेच वाटतात, हे आम्हाला कुठे माहीत! मग योस्ट आला, हातात टोस्ट, त्यावर गुलाबी-निळी बडीशेप. डच लोक बाळाच्या आनंदात हेच खातात.

"अभिनंदन!" तो गंभीरपणे म्हणाला. "पण तू आज ऑफिसला का आलीस? तुला सोळा आठवडे रजा आहे!"

माझं वय अठ्ठेचाळीस! पलीकडे मेई पोट धरून हसत होती, आणि मकरंद तिला हसू नकोस म्हणून विनवत होता.

* * *

पाच आठवड्यांनी मेईला मुलगी झाली. इथे सकाळी बाळंत झालेली बाई दुपारी घरी असते. आम्ही भांडं घेऊन गेलो. मेई पलंगावर, कुशीत लेक, आणि फोनवर ग्वांगझूहून तिची आई.

मेईचा नवरा स्वयंपाकघरात उकडलेली अंडी सोलत होता. बिचारा दोन रात्री झोपला नव्हता. सालीबरोबर निम्मं अंडं जात होतं. फोनमधून सासूबाई ओरडत होत्या. मग ओरडता ओरडता त्यांना रडूच फुटलं, आणि त्यांनी तोंडावर हात धरला.

आई दारात उभी राहून बघत होती. तिने पदर खोचला, मेईच्या नवऱ्याला खांद्याला धरून बाजूला केलं आणि नळ सोडला.

"आई, अगं, अंडी आहेत ती!"

"दिसतंय मला."

तिने पहिलं अंडं ओट्यावर हलकेच आपटलं आणि सोलायला घेतलं. फोनमधली बाई डोळे पुसून पुढे सरकली. एक झालं, दोन झाली. तिकडून ती बोटं दाखवत मोजत होती. बाराव्या अंड्याला आईने ओल्या हाताने कपाळावरचे केस मागे सारले आणि मला म्हणाली,

"विचार तिला, अजून किती लागतात."