इराचं दप्तर

मंडळी, आज माझा पुणेरी टोमणा मलाच लागला.

वारज्याच्या या शाळेत मी यंदाच आले. आज सातवीच्या तासाला शिपाईमामा सूचनांची वही घेऊन दारात आले आणि इरा दप्तर भरायला लागली. मी म्हटलं, "अहो इराबाई, शाळा सुटायला दोन तास आहेत." वर्ग हसला.

तिच्या शेजारची सानिका उठून म्हणाली, "बाई, मागच्या वर्षी तिची आई गेली, तेव्हा शिपाईमामाच तिला वर्गातून बोलवायला आले होते. आता ते दिसले की ती दप्तर भरते. नंतर मी वह्या परत काढून देते."

मधल्या सुट्टीत मी इराची माफी मागितली. "भीती वाटते का गं?"

"माहीत नाही, बाई. हातच भरायला लागतात."

मामांना मी सगळं सांगितलं. शेवटच्या तासाला ते पुन्हा आले. वही उघडायच्या आधीच दारातून म्हणाले, "इरा बाळा, सहलीची सूचना आहे."

इराचा हात दप्तरावरच थांबला. सानिका सवयीने मदतीला वाकली, तर इरा म्हणाली, "राहू दे. या वेळी काही भरलंच नाही."

तुमच्याही वर्गात कोणी अवेळी दप्तर भरत असेल. टोमणा सुचला, तर आधी शेजारच्या बाकावर विचाराल?