भरतीपर्यंत थांबलेली अटक

त्या सोमवारची आठवण आली की मला आधी झेंडूचा वास येतो आणि मागोमाग सुक्या जवळ्याचा.

झेंडू सरकारी होता. मालाडच्या बाजूच्या ज्या ठाण्यात मी वरिष्ठ निरीक्षक होतो, तिथे त्या दिवशी दुपारी तीनला महिला साहाय्य कक्षाचं उद्घाटन होतं. नवा सोफा, नवे पडदे, दाराला लाल फीत. फीत कापली जाईपर्यंत आत कोणाही महिलेला साहाय्य करायचं नाही, असा वरून निरोप होता. सकाळपासून अर्धं ठाणं तोरणं बांधत होतं.

नऊच्या सुमारास मुलुंडहून एक तरुण धावत आला. त्याच्या बहिणीचं सासर आमच्या हद्दीत. बहीण आणि तिचा नवरा शनिवारी गणपतीपुळ्याला म्हणून गेले होते. रविवारी रात्री नवरा एकटाच घरी आला आणि आईला म्हणाला, "ती बोरिवलीला उतरून परस्पर माहेरी गेली." माहेरी ती पोहोचलीच नव्हती. फोन बंद.

"साहेब, मिसिंग नको, गुन्हा दाखल करा," भाऊ म्हणाला. "त्याने तिचं काहीतरी केलंय."

मी स्टेशन डायरीत नोंद घ्यायला लावली आणि नवऱ्याला बोलावून घेतलं. तो आला तो आईसकट. वय तिशीच्या आत, एका खासगी कंपनीत नोकरी, डोळे रात्रभर न झोपल्यासारखे. आई बाहेरच्या बाकावर बसली. माझ्या केबिनचं दार लागत नव्हतं. त्याच्या दुरुस्तीचा अर्ज कधीचा वर पडून होता.

"बायको कुठे आहे?"

"माहेरी गेली, साहेब."

"माहेर बाहेर उभं आहे. ते नाही म्हणतंय."

त्याची प्रवासाची पिशवी घरून मागवली आणि पंचांसमोर उघडली. आत बायकोची पर्स आणि तिचा बंद पडलेला फोन निघाला. दारातून पाहणाऱ्या भावाने हंबरडा फोडला. बाई पर्स आणि फोन नवऱ्याकडे ठेवून माहेरी जात नाही.

पिशवीच्या तळाशी वर्तमानपत्रात बांधलेली एक पुडी होती. आमचे हवालदार कोळीवाड्यातले, नोकरीची तीस वर्षं झालेले. त्यांनी ती नाकाशी नेली.

"साहेब, गणपतीपुळ्याला हल्ली प्रसाद म्हणून जवळा देतात काय?"

नवऱ्याने आधी माझ्याकडे पाहिलं नाही, दाराबाहेरच्या बाकाकडे पाहिलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. याला खुनाच्या आरोपाची भीती वाटत होतीच, पण तिच्याआधी आईची वाटत होती.

मी महिला शिपायाला सांगून आईला अंगणात तोरणाची फुलं ओवायला पाठवलं. ती नजरेआड होताच पोराने टेबलावर डोकं टेकलं.

"साहेब, आम्ही पुळ्याला गेलोच नाही. होडीने खाडीपलीकडे गेलो होतो, कोळ्यांच्या गावी. दोन खोल्यांत सहा माणसं राहतो आम्ही. लग्नाला दोन वर्षं झाली, भांडायचं तरी हळू आवाजात. म्हटलं दोन दिवस दार लावून राहू. घरी काय सांगणार? देव सांगितला."

"मग?"

"रविवारी दुपारी दोघांनी सुरमई खाल्ली. हात धुतोय तोवर आईचा फोन. म्हणाली, आज संकष्टी, चंद्र बघूनच उपास सोडा रे. माझं डोकंच फिरलं. हिला म्हटलं, तुझ्यामुळे झालं. ती म्हणाली, आईला एवढा भितोस तर तिलाच आणायचं होतंस ना यार. रागाने किनाऱ्यावर चालत निघून गेली. मी पिशवी उचलली आणि सहाची होडी धरली. वाटलं, येईल मागच्या होडीने. अंधार पडेस्तोवर धक्क्यावर थांबलो. होडीच आली नाही. मग वाटलं, रस्त्याने माहेरी गेली असेल."

"पैशांशिवाय?"

"पर्स माझ्याकडे आहे, हे घरी आल्यावर कळलं."

पलीकडच्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, तिथे अजून शांतता आहे. तिथल्या चौकीला फोन लावला. अर्ध्या तासाने उत्तर आलं: लॉज दोघांनी रविवारी चारलाच सोडला, त्यानंतर बाईला कोणी पाहिलं नाही. ते ऐकून भाऊ ओरडला, "समुद्रात ढकललं तिला!" तेवढ्यात वरून फोन. पाहुणे येण्याआधी अटक दाखवता आली तर महिला सुरक्षेवर भाषणात दोन वाक्यं घालता येतील, असं सुचवण्यात आलं.

सगळं त्या पोराच्या विरुद्ध होतं. होड्या दर अर्ध्या तासाने सुटतात, मग सहानंतर एकही आली नाही कशी? याच एका वाक्यावर मी त्याला आत घालणार होतो. हवालदार मात्र बोटांवर काहीतरी मोजत होते.

"साहेब, काल संकष्टी म्हणजे चतुर्थी. तिथीची पाऊणपट करायची, तीन. तीनला भरती, नऊला पूर्ण ओहोटी. सहानंतर त्या धक्क्याला नुसता चिखल, होडी लागणारच नाही. पोरगा खरं बोलतोय."

"आणि आज सकाळी?"

"आज पंचमी. पावणेचारला भरती, पावणेदहाला ओहोटी. सातच्या होडीलाही पाणी नाही. बाई तिकडे सुखरूप असेल, तर एकच्या होडीने येईल. त्याआधी येऊच शकत नाही."

घड्याळात अकरा वाजले होते. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी पंचनाम्यावर, जबाबावर, क्वचित वशिल्यावर विसंबलो होतो; पंचांगावर कधीच नाही. वर कळवलं, "चौकशी सुरू आहे." हवालदारांना नवरा आणि भावासह जीपने धक्क्यावर पाठवलं आणि मी तोरणाखाली येरझारा घालू लागलो. ते सव्वादोन तास मला चांगलेच लांब वाटले.

सव्वाएकला हवालदारांचा फोन आला. "साहेब, आली. पहिल्याच होडीत, पुढे बसलेली."

मी खुर्चीत बसलो आणि पाणी मागितलं. शिपायाने चुकून पाहुण्यांसाठीचं नारळपाणी आणलं, तेही प्यायलो.

ठाण्यात आली ती एका कोळिणीचा हात धरून. ओहोटीत अडकलेल्या या पोरीला तिनेच घरी नेऊन जेवू घातलं होतं, कोणाला न सांगता. मी म्हटलं, "अहो, फोन तरी करायचा."

"नंबर कोणाचा पाठ आहे, साहेब?" मुलगी म्हणाली. "आणि खरं सांगू? पाठ असता तरी केला नसता. रात्रभर झोप लागू नये त्याला, असंच वाटत होतं."

"ते काम झालंय. नवऱ्याविरुद्ध तक्रार आहे?"

"आहे. पण पोलिसांत नाही. त्याच्याशीच बोलायचंय. दार लावून."

आमच्या ठाण्यात धड लागणारं दार एकच होतं. मी त्याची फीत एका बाजूने सोडली आणि दोघांना आत पाठवलं. पाऊण तास आतून चढ्या आवाजात बोलणं ऐकू येत होतं, मग नाही. दोघं बाहेर आल्यावर हवालदारांनी फीत पुन्हा बांधली. तीन वाजता पाहुण्यांनी ती कापली, आणि आजपासून या कक्षाचं कार्य सुरू होत आहे असं जाहीर केलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून संशयिताची चौकशी करताना बाहेर कोण बसलंय, हे मी आधी पाहू लागलो. खोटं बोलणारा प्रत्येक वेळी आपल्याशी बोलत असतोच असं नाही.

निघताना पोरगा माझ्या कानाशी लागला, "साहेब, आईला तेवढं पुळ्याचंच सांगा हं."

आई फुलांचा हात पदराला पुसत पुढे आली, सुनेला जवळ घेतलं, आणि मुलाच्या हातातली पिशवी हुंगून म्हणाली, "जवळा चांगला दिसतोय गं. पण आज सोमवार, उद्या मंगळवार. बुधवारी करू."