भिंतीत बीम आहे

हे मी सख्ख्या भावालासुद्धा सांगितलेलं नाही. देवालाही नाही — त्याला बिचाऱ्याला कशाला ताप. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही काही आमच्याकडे जेवायला येणार नाही, आणि माझ्या बायकोच्या, सुमनच्या हातची भजी खाताना तुमच्या तोंडून काही निसटणार नाही.

माझं शिक्षण चौथी. चौथीत दोनदा बसलो, मग मास्तरच दमले. मी विट्याकडचा. आमच्याकडची पोरं शाळा सुटली की गलाईला जातात. देशात जिथे सराफ बाजार, तिथे आमचा एक तरी माणूस भट्टीपुढे बसलेला असतो. माझ्या नशिबी गाझियाबाद आलं. लोकांचे जुने दागिने आटवायचे, सोनं शुद्ध करायचं आणि खरं किती, खोट किती ते गिऱ्हाइकाला सांगायचं. चांदीचं नाणं फरशीवर टाकलं की मी आवाजावरून सांगतो. या धंद्यात मी कधी खोटं बोललो नाही. सगळं खोटं घरी बोलायला राखून ठेवलं होतं बहुतेक.

रविवारी आमच्याकडे मराठी मंडळी जमतात. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरातून देशपांडे साहेब आणि वहिनी येतात, नोएडाहून आयटीवाली एक-दोन जोडपी येतात. सगळी शिकलेली. आता शिकलेल्या लोकांत चौथीवाल्यानं काय करायचं? हसवायचं. तेवढं मला येतं. साहेब पाय पसरून बसले की म्हणणार, “तानाजीराव, होऊन जाऊ दे,” आणि मी सुरू.

पण हसवायचं कुणावर? — थांबा, जरा पाणी पितो.

दिल्लीत मेट्रो नवी होती, तेव्हा मी आणि सुमन काश्मिरी गेटला गेलो होतो. सरकता जिना पहिल्यांदाच बघितला. एवढा चकचकीत, की चपला घालून पाय ठेवायला मन होईना. चपला हातात घेतल्या, जिन्याला नमस्कार केला आणि अनवाणी चढलो. गार्ड ओरडला, “भाईसाब, मंदिर नहीं है.” मागे लाइन लागली होती, सगळी हसत होती. तेव्हा सुमननं माझ्या हातातल्या चपला घेतल्या, माझ्या पायांपाशी ठेवल्या आणि लोकांकडे असं बघितलं की हसणं बंद झालं.

हा किस्सा मी रविवारी सांगायचो. फक्त चपला काढल्या सुमननं, असं सांगायचो.

झालं. हेच ते.

एकच किस्सा असता तर म्हणालो असतो, जाऊ दे. पानिपतला चादरी घ्यायला गेलो, एवढी घासाघीस केली की दुकानदार रडकुंडीला आला, आणि घरी येऊन उघडतोय तर पाळण्यातल्या पोराची चादर. पानिपतात मराठ्यांचा पुन्हा पराभव. तो पराभव माझा, पण हॉलमध्ये सांगताना सुमनचा. बँकेत मशीनला “नमस्कार, कसं काय” म्हणणारा मी, आणि सांगताना सुमन. मी हातात चपला घेऊन सुमनची चाल करून दाखवायचो. साहेबांच्या डोळ्यांत पाणी यायचं हसून. का केलं असं? शिकलेल्या माणसांत मला येडा दिसायचं नव्हतं, दुसरं काय. एवढंच कारण, आणि तेही किती हलकं.

आणि सुमन कुठे असायची? भिंतीपलीकडे, स्वयंपाकघरात. दार लोटलेलं, एक्झॉस्ट पंखा गरगरतोय, कढईत भजी. तिला फक्त हसणं ऐकू जायचं. रात्री विचारायची, “काय हसत होता एवढं?” मी म्हणायचो, “अगं, राजकारण.”

मग एकदा नोएडावाल्या जोडप्यानं फ्लॅट नवा करून घेतला आणि आम्हाला बोलावलं. त्यांचं किचन हॉलमध्येच. मधे भिंतच नाही. ती पोरगी पोहे परततेय आणि गप्पाही मारतेय. सुमन ओट्यापाशी जाऊन उभी राहिली ती हलेना. परत येताना ऑटोत म्हणाली, “अहो, आपली भिंत पाडू या.”

ठेकेदाराला फोन करून विचारलं. त्यानं भिंत, ग्रॅनाइट, चिमणी, सगळं धरून आकडा सांगितला. आमचं भांडण सुरू झालं, ते पुढे कितीतरी दिवस चाललं.

मी म्हणालो, फोडणीचा धूर हॉलमध्ये येईल. ती म्हणाली, “दिवसभर ॲसिडच्या धुरात बसता, आणि फोडणीनं गुदमरणार काय?”

मी म्हणालो, खर्च झेपायचा नाही. ती म्हणाली, “माझ्या पाटल्या आटवा. भट्टी घरचीच आहे.”

मी म्हणालो, पण गरज काय आहे? ती म्हणाली, “तुम्ही सगळे हसता ना, तेव्हा मला पण तिथं असायचंय.”

चांगला माणूस असता तर तिथंच हो म्हणाला असता. मी आपलंच बघितलं. भिंत पडली की पहिल्याच रविवारी ती ओट्यावरून म्हणणार — अहो, चपला तर तुम्ही काढल्या होत्या. साहेबांसमोर. आणि मग मागचे सगळे रविवार तिला कळणार.

मी उठलो. भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. कान लावला. डोळे मिटले, नाणं पारखताना मिटतो तसे. आणि म्हणालो, “आत बीम आहे. ही पाडली तर वरचा मजला खाली येईल.”

ती “बरं” म्हणाली. पुन्हा विषय नाही. ज्या कानावर सराफ विश्वास ठेवतात, त्यावर बायकोनं ठेवला. ठेकेदार काम बघायला आला, त्याला मी जिन्यातूनच परत पाठवलं, तो आत येऊन भिंत बघेल म्हणून.

त्यानंतर मला सुमनचा किस्सा सांगवेना. पुढच्या रविवारी साहेब म्हणाले, “वहिनींचा जिना होऊ दे.” मी म्हणालो, “आज माझा ऐका,” आणि तोच किस्सा माझ्या नावानं सांगितला. त्यांना वाटलं, गंमत म्हणून स्वतःवर घेतोय; जास्तच हसले. आता सगळे किस्से माझ्याच नावावर आहेत. देशपांडे वहिनी म्हणतात, तानाजीरावांचं मन मोठं, स्वतःवर हसतात. मी मान खाली घालतो, तर तीही त्यांना नम्रता वाटते.

मग भिंत का ठेवली? आता रविवारी लपवण्यासारखं काही सांगत नव्हतो. पण बीम नाही म्हणालो, की मग तेव्हा आहे असं का म्हणालात, हे ती विचारणार. ते सांगायची छाती नव्हती. आजही नाही.

मागच्या दिवाळीआधी आम्ही स्वयंपाकघरात नव्या टाइल्स बसवल्या. आमची रूपाली एका बिल्डरच्या ऑफिसात नकाशे काढते. ती आली, भिंतीवर हात मारला आणि म्हणाली, “पप्पा, यार, ही तर सिंपल विटांची आहे. एक दिन का काम. पाडून टाकू ना.”

मी काही बोलायच्या आत सुमन म्हणाली, “गप बस. तुझ्या पप्पांनी वाजवून बघितलीय ती. तुझे नकाशे राहू देत तुझ्यापाशी.”

“मम्मी, पप्पा सोनार आहेत, इंजिनिअर नाहीत.”

“त्यांचा कान कधी चुकत नाही.”

रूपालीनं माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं. तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं मला. मी म्हणालो, “आई म्हणते ते बरोबर आहे.” पोरगी “ओके” म्हणाली आणि टाइलचा रंग बघायला लागली. पिस्ता रंग निवडला दोघींनी. छान दिसतो. सुमन खूश आहे, आणि खरं सांगायचं तर मीही बरा आहे. जेवतो, झोपतो, दुकान चालतं. असं कुठे आहे की चूक केलेल्या माणसाला घास गिळत नाही? मला गिळतो.

परवाच्या रविवारी मी चपला हातात घेऊन हॉलभर चाललो. साहेब सोफ्यावरून घसरायचे राहिले. हसणं ओसरत आलं तेव्हा सुमन ताट घेऊन दारात आली. पदरानं कपाळ पुसत म्हणाली, “काय झालं? मला पण सांगा.” देशपांडे वहिनींनी थोडक्यात सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना मजा निम्मी होते, तेही दुसऱ्याच्या तोंडून. तरी सुमन हसली. मनापासून, तोंडाला पदर लावून. एकटीच हसत होती. बाकीचे तोवर भजी घ्यायला लागले होते.