उवांचा दुखवटा

बायकोची बदली गोंदियाला झाली आणि ती फक्त शनिवार-रविवार घरी येऊ लागली, तेव्हा मनीषनगरातल्या आमच्या फ्लॅटचा कारभार माझ्याकडे आला. मुलगी सात वर्षांची, मुलगा चार वर्षांचा आणि माझे बाबा शहात्तरचे. जाताना बायकोने फ्रिजवर सूचनांचा एक लांबलचक कागद चिकटवला होता. तो मी पहिल्याच आठवड्यात काढला. घर चालवणं म्हणजे नुसतं नियोजन, असं माझं मत होतं, आणि ते मी तिला लग्नानंतरच्या नऊ वर्षांत बरेचदा ऐकवलेलं होतं. रामदासपेठेत बांधकामाचे नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात मी काम करतो. कुठली भिंत कुठे उभी करायची हे ज्याला कळतं, त्याला दोन पोरं सांभाळणं काय जड जाणार?

मार्च संपत आला होता. बाबा आठवडाभरासाठी माझ्या बहिणीकडे वर्ध्याला गेले होते. सोमवारी दुपारी मुलीच्या शाळेच्या डायरीत बाईंचा निरोप आला की मुलीच्या डोक्यात उवा झाल्या आहेत, डोकं साफ झाल्याशिवाय तिला शाळेत पाठवू नये. खाली ठळक रेघ मारली होती.

मुलगी गेले आठ दिवस डोकं खाजवत होती हे मला दिसलं होतं. गणित अवघड जात असेल, असं समजून मी तिला रोज दहा बेरजा जास्त घातल्या होत्या.

चौकातल्या मेडिकलमधून औषध आणि बारीक दातांची फणी आणली. दुकानदाराला मी शेजाऱ्यांसाठी हवंय असं सांगितलं. घरी येऊन मुलीला खिडकीपाशी बसवलं आणि तिच्या कमरेपर्यंतच्या केसांतून फणी ओढायला लागलो. चाळीस मिनिटांत तीन उवा सापडल्या, आणि मुलीचं रडणं ऐकून वरच्या मजल्यावरून दोनदा विचारणा झाली. तोवर मुलगाही खाजवू लागला, आणि त्याच्याकडे बघून मीही. माझी खाज खरी होती की मनाची, ते आजही सांगता येत नाही. मुलांना सांभाळायला येणाऱ्या मावशींनी ‘उवा’ हा शब्द ऐकला आणि दारातूनच चार दिवसांची सुट्टी जाहीर केली.

बायकोला फोन केला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच बजावलं की मुलीच्या केसांना कात्री लावायची नाही, शनिवारी आल्यावर ती बघेल. मुलाच्या केसांबद्दल ती काही बोलली नव्हती. म्हणून संध्याकाळी दोघांना घेऊन मी केस कापायच्या दुकानात गेलो आणि न्हाव्याला उन्हाळा फार आहे, असं सांगितलं.

मशीन अर्ध्या डोक्यावरून फिरेपर्यंत मुलगा गप्प होता. मग त्याने आरशात पाहिलं आणि खुर्चीवरून उतरून थेट दाराकडे निघाला. अर्धं डोकं चकचकीत, अर्ध्यावर जंगल. बाकावर बसलेली त्याची बहीण आता हसत होती, त्यामुळे तो आणखीच बिथरला. मी समजावलं, आइस्क्रीमचं आमिष दाखवलं, थोडं दरडावलंही. तो दाराच्या कडीला लोंबकळून रडत राहिला आणि मग म्हणाला, “पप्पा, तुम्ही काहून नाही कापून राहिले?”

मी शेजारच्या खुर्चीत बसलो. पाच मिनिटांत माझं डोकं साफ झालं. मुलगा जवळ येऊन बारकाईने पाहत होता. न्हाव्याने हळू आवाजात विचारलं, “भाऊ, मिशी ठेवू का काढू?” मी काही बोलायच्या आत मुलगा म्हणाला की मिशीतपण उवा असतात. मिशी गेली. मग तो शहाण्यासारखा खुर्चीत बसला आणि राहिलेलं अर्धं डोकं त्याने न रडता करून घेतलं. निघताना न्हाव्याने आम्हाला हात जोडले. माणूस फारच अदबशीर आहे, असं मला वाटलं.

मंगळवारी सकाळी रजा मागायला दोन्ही मुलांना घेऊन ऑफिसात गेलो. एक नकाशा आठवडाभर रखडलेला होता, त्यामुळे रजा मिळायची आशा नव्हतीच. अर्जात ‘घरगुती कारण’ एवढंच लिहिलं होतं. साहेबांनी आधी मला पाहिलं, मग माझं बोट धरून उभ्या असलेल्या चार वर्षांच्या टकल्याला पाहिलं, आणि ते उठून उभे राहिले. मोठ्या गिऱ्हाइकाशिवाय कोणासाठी ते उठलेले मी तोवर पाहिले नव्हते.

“अचानकच?” त्यांनी विचारलं.

“हो, काल दुपारीच कळलं.” मला वाटलं, शाळेतून बातमी यांच्यापर्यंत पोचली.

“फार त्रास झाला का?”

“यालाच झाला. खूप रडला. मीही बसलो, तेव्हा कुठे शांत झाला.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “पोरांना लळा असतो,” ते म्हणाले. केसांचा असेल, असं समजून मी मान हलवली. त्यांनी अर्ज न वाचताच सही केली, नकाशाची काळजी करू नका म्हणाले आणि मला लिफ्टपर्यंत सोडायला आले. उवांबद्दल या माणसाला इतकी कणव असेल अशी मला कल्पना नव्हती.

त्याच दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडून साधं वरण-भात आणि पिठलं आलं. रात्रीसाठी समोरच्यांकडून डबा आला. बुधवारी दोन डबे, गुरुवारी तीन. देणारे दाराशीच थांबत, हळू बोलत, काही लागलं तर सांगा म्हणत आणि जात. मधूनच एखादा मुलाच्या डोक्यावरून हात फिरवून डोळे टिपत असे. बायको गावाला असलेल्या पुरुषाची समाज केवढी काळजी घेतो, याचा मला प्रत्यय येत होता. गुरुवारी मी बायकोला फोनवर सांगितलं की तुझ्याशिवाय घर अगदी सुरळीत चाललं आहे, स्वयंपाकाचं तर बघायलाच नको. मग तिने नेमकं काय चाललंय असं विचारलं. मी नियोजन असं उत्तर दिलं.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला बाबा परतले. एका हातात त्यांची पिशवी, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा.

“तिसऱ्या मजल्यावरची बाई लिफ्टपाशी भेटली,” ते म्हणाले. “मले पाह्यलं, हा डबा हातात देल्ला अन् जिन्यानं पळून गेली.”

मग त्यांची नजर माझ्या डोक्याकडे गेली, मुलाच्या डोक्याकडे गेली, आणि ते खुर्चीत बसले. चेहरा एकदम उतरला.

“कोन गेलं?” त्यांनी विचारलं.

“कोणी नाही, बाबा. उवा झाल्या होत्या.”

बाबांनी हातातल्या डब्याकडे पाहिलं. डबे, न्हाव्याचे जोडलेले हात, साहेबांचा चष्मा, सगळं माझ्या डोक्यात एका रांगेत येऊन उभं राहिलं. बाबांना ते माझ्याआधीच कळलेलं होतं.

“मंग मीच गेलो वाटते,” ते म्हणाले.

मला वाटलं, आता चिडतील. पण त्यांनी पाणी मागितलं, आरामात प्याले आणि कोण कोण येऊन गेलं ते विचारायला लागले. मी सांगत गेलो. कोणी काय पाठवलं, किती वेळ थांबलं, काय बोललं, सगळं त्यांना हवं होतं. खालच्या मजल्यावरचे त्यांचे एक मित्र, ज्यांच्यासोबत ते रोज सकाळी फिरायला जात, ते आले नव्हते. हे कळल्यावर बाबा थोडे नाराज झाले.

मुलगा त्यांच्या मांडीवर चढून बसला होता आणि ते त्याच्या गुळगुळीत डोक्यावरून तळवा फिरवत होते.

“तुझी माय गेली तवा तू केस काढाले नाही म्हटलं होतं,” ते म्हणाले. “केसात काय ठेवलं आहे, म्हने.”

मी तसं म्हटलं होतं, हे खरं. चार वर्षांपूर्वी, पाहुण्यांनी भरलेल्या घरात, मोठ्याने. तेव्हा बाबा एका शब्दाने बोलले नव्हते. गावाहून आलेल्या काकांनाही त्यांनीच गप्प केलं होतं.

“अन् उवांसाठी मिशी पन देल्ली.”

आवाजात राग नव्हता. मी खाली मान घालून डबा उघडला. आत पुन्हा पिठलंच होतं. बाबांनी हात लांबवला आणि माझ्याही डोक्यावरून एकदा फिरवला. “बरं केलं,” ते म्हणाले. “पोरगं एकटं दिसलं असतं.”

दुपारी आम्ही दोघं मजल्या-मजल्यावर जाऊन खुलासा करून आलो. बोलायचं काम माझं होतं, बाबा पुरावा म्हणून शेजारी उभे राहत. खालच्या मजल्यावरचे मित्र बाबांना पाहून दारातच भिंतीला टेकले. वर यायचं त्यांना धाडस झालं नव्हतं. तीन दिवस ते फिरायलाही गेले नव्हते, घरातच बसून होते. परत येताना बाबांची नाराजी पार गेली होती. मित्र तीन दिवस फिरायला गेले नाहीत, हे जिन्यात त्यांनी मला दोनदा सांगितलं.

शनिवारी बायको आली. आम्हा दोघा टकल्यांकडे पाहून ती आधी हसली, मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडून सगळी हकिगत ऐकून आली आणि मग हसली नाही. रविवारी सकाळी तिने मुलीला गॅलरीत बसवलं, केसांच्या बटा करून घेतल्या आणि अडीच तास फणी चालवली. मुलगी रडली नाही. अर्धा वेळ ती आईला शाळेतल्या गोष्टी सांगत होती. मी तांब्याने पाणी ओतायचं काम केलं. ती गोंदियाला जायला निघाली, त्याआधी फ्रिजवर नवा कागद लागला होता.

सोमवारी साहेबांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, वडील सुखरूप आहेत हे उत्तम झालं म्हणाले, आणि खुर्ची जराशी मागे सरकवली. बाहेर येईपर्यंत बातमी ऑफिसभर झाली होती. तीन-चार दिवस माझ्या टेबलाकडे कोणी फिरकलं नाही. फायलीसुद्धा कोपऱ्यावर ठेवून लोक लगबगीने निघून जात. रखडलेला नकाशा मी त्या शांततेत बुधवारपर्यंत पूर्ण केला.